धारवाडचं ऊन

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी माझ्या वडिलांशी खोटं बोललो. "अण्णा, हयातीच्या दाखल्यासाठी तुम्हाला स्वतः यावं लागेल," एवढं एकच वाक्य. ते मी फोनवर बोललो, त्यामुळे तोंड लपवायचीही गरज पडली नाही. अण्णा तेव्हा धाकट्या भावाकडे धारवाडला होते आणि तिथे सुखात होते. मला ते सुख बघवत नव्हतं. हे मी आजवर भावाला सांगितलेलं नाही. आता लिहितो आहे.

पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. उमेदीची वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यात कालवा निरीक्षक म्हणून काढली, म्हणजे कालव्याच्या कडेने रोज मैलोन्‌मैल चालायचं. शेवटी ठाण्याच्या ऑफिसात खुर्चीवर आले आणि तिथून निवृत्त झाले. तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून ते डोंबिवलीतल्या बँकेत जायचे आणि यादीत आपल्या नावासमोर सही करायचे. सोबत मी. सही झाली की शेजारच्या उडप्याकडे इडली-वडा आणि कॉफी. वर्षातून एक सकाळ आम्ही दोघं असे बाहेर बसायचो. ती मला आवडायची, हे मला फार उशिरा कळलं.

आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. पुनर्विकासाची मीटिंग दर वर्षी होते आणि चहा पिऊन मोडते. चारेक वर्षांपूर्वी खालचा रस्ता पाइपसाठी खणलेला असताना अण्णा कडेच्या दगडाला अडखळून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी सांगून टाकलं, की एकट्याने खाली उतरायचं नाही, मी घरी असेन तेव्हा नेईन. मी ठाण्याहून घरी यायचो आठ वाजता. रविवारी झोपायचो. त्यामुळे ज्या माणसाने कालवे तुडवले तो चार वर्षं गॅलरीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालला आणि परत फिरला. मी मात्र ऑफिसात अभिमानाने सांगायचो, "आमच्या अण्णांना मी खाली पाऊलसुद्धा टाकू देत नाही."

ऑगस्टमध्ये बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि अण्णांना दोन महिन्यांसाठी धारवाडला पाठवावं लागलं. भाऊ तिथे गेली अठरा वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. अण्णा जाताना कुरकुरले. औषधांचा डबा मी भरून दिला, त्यावर सकाळ-दुपार-रात्र लिहिलं, आणि भावाला तीनदा समजावलं. पहिला आठवडाभर अण्णा मला रोज फोन करायचे. मग मी करायला लागलो. मग मी केला की म्हणायचे, "आत्ता नको, निघतोय."

"कुठे?"

"पेपर वाचायला."

"पेपर घरी येत नाही का?"

"येतो की. पण तिथे वाचायला मजा येते."

दसऱ्याला मी धारवाडला गेलो. भावाचं घर तळमजल्यावर, दारात तीन पायऱ्या. सकाळी उठून बघतो तर अण्णांची कॉट रिकामी.

"अण्णा कुठेत?"

"गेले," भाऊ दाढी करता करता म्हणाला. "येतील नऊपर्यंत."

"एकटे?"

"अरे दादा, इथे कुठे हरवणार आहेत? हरवले तर लोकच आणून सोडतील."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघालो. त्यांनी कॅनव्हासचे पांढरे बूट घेतलेले होते, स्वतः दुकानात जाऊन, स्वतः निवडून. पाऊस संपून आठवडाच झाला असेल. हवेत गारवा होता आणि ऊन असं होतं, की अंगावर घ्यावंसं वाटावं. रस्ता हळूहळू उताराला लागतो, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, आणि झाडांखालून पायवाट. पायवाट म्हणजे खरोखर पायांसाठी ठेवलेली वाट. तिच्यावर मोटरसायकली उभ्या नव्हत्या, कुणी वडापावची गाडी लावली नव्हती, झाकण नसलेलं गटार नव्हतं. सावलीचा एक पट्टा, मग उन्हाचा एक पट्टा, असं चालत जायचं. अण्णा माझ्या पुढे चालत होते. त्यांना गाठायला मला दोनदा भरभर पावलं उचलावी लागली.

"दमलास?" त्यांनी मागे वळून विचारलं.

मी चोपन्न वर्षांचा. ते ब्याऐंशीचे.

त्या गावात जे काही लागतं ते सगळं दहा मिनिटांच्या आत आहे. पोस्ट, दवाखाना, न्हावी, जुन्या पुस्तकांचं दुकान, वाचनालय, आणि या सगळ्यांच्या मधोमध कॉलेजं. मुलंमुली घोळक्याने चालत होती, कुणाला घाई नव्हती. त्यातली निम्मी अण्णांना ओळखत होती. "नमस्कार अज्जा," म्हणायची. अज्जा म्हणजे आजोबा. अण्णा त्यांना विचारायचे, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी आठला जेवण झालं का हा प्रश्न विचारल्यावर मुली हसायच्या, आणि अण्णा त्या हसण्यासाठीच तो विचारत होते. झेरॉक्सवाल्याने त्यांना हात केला. वाचनालयात खिडकीजवळच्या खुर्चीवर एक मुलगा बसला होता, तो अण्णांना बघून न सांगता उठला. त्या खुर्चीत बरोबर मांडीवर ऊन येत होतं. एक चौक ओलांडताना अण्णांनी काठी आडवी धरली, कालव्याचं दार बंद करावं तशी, आणि एक रिक्षा खरोखर थांबली. रिक्षावाला चिडला नाही. माझ्या डोंबिवलीत हे घडलं असतं तर अण्णांनी काय काय ऐकलं असतं याची मी मनात उजळणी केली, आणि तसं घडलं नाही याचं मला वाईट वाटलं. हेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी त्यांनी मला मैदानावर नेलं. मुलींचा थ्रोबॉलचा सामना होता. अण्णांना कोण कुठल्या कॉलेजची, कुणाचा हात दुखावलाय, सगळं माहीत होतं. आम्ही कागदात गिरमिट घेतलं. चुरमुऱ्यांचा ओलसर, आंबटगोड प्रकार, बरोबर मिरचीची भजी. घरी मी त्यांना चार वर्षं भजं दिलं नव्हतं.

"अण्णा, तळलेलं."

"इथे पचतं रे," ते म्हणाले. "चालणं होतं ना."

दुसऱ्या दिवशी कळलं, की अण्णा मॉडेल झाले आहेत. तिथे एक चित्रकलेचं कॉलेज आहे. वाचनालयातल्या ओळखीतून तिथल्या सरांनी त्यांना विचारलं होतं, बसाल का. आठवड्यातून दोनदा अण्णा अंगणातल्या दगडी ओट्यावर दोन तास हलत नाहीत आणि पंधरावीस मुलं त्यांना काढतात. मी बघायला गेलो. अण्णा ओट्यावर, काठी गुडघ्यांवर आडवी, तोंड उन्हाकडे. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तशी एक मुलगी हिंदीत म्हणाली, "अंकल, थोडा साइड में. अज्जा पे छाया आ रही है."

मी बाजूला झालो. अण्णा ओठ न हलवता मुलांना म्हणाले, "ये मेरा बडा लडका. ठाणे में नोकरी करता है. इसको बहुत काम रहता है."

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं की नुसतं सांगितलं, मला ठरवता आलं नाही. वर्ग संपल्यावर त्या मुलीने तिचं चित्र मला दाखवलं. अण्णांची डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, जणू काही विचारायच्या बेतात आहेत. चोपन्न वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

हेवा कुणाचा वाटला हे मी नंतर शोधत बसलो. भावाचा वाटला, त्या मुलीचा वाटला, झेरॉक्सवाल्याचाही वाटला. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त अण्णांचा वाटला. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोपासून माझं ऑफिस पायी दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं मी नाकाला रुमाल लावून, रिक्षांच्या मधून अंग चोरत काढतो. काही काम नसताना नुसतं चालायला म्हणून मी शेवटचा कधी निघालो होतो, मला आठवेना. आणि माझा म्हातारा बाप, ज्याला मी सांभाळतो असं सगळ्या जगाला सांगत होतो, तो कॉलेजच्या मुलासारखा राहत होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, "दादा, अण्णांना राहू दे ना इथेच."

"राहू दे की. मी कुठे नाही म्हणतोय."

"तसं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून विचारलं."

"मला कशाला वाईट वाटेल? माझी सुटकाच."

परतीच्या गाडीत मला एकेक आठवायला लागलं. मोडक्या मनगटाच्या दिवसांत अण्णांना अंघोळ मी घातली. त्यांच्या पायाची नखं मी कापतो. भाऊ वर्षातून दोनदा पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा, तीन दिवस राहायचा, आणि अण्णा त्या तीन दिवसांत जेवढं बोलायचे तेवढं माझ्याशी वर्षात बोलत नसत. नखं कापून घ्यायला मी, आणि हसायला तो. गाडी कल्याणला पोचेपर्यंत हे इतक्या वेळा घोळलं, की मला ते अगदी न्यायाचं वाटायला लागलं.

आणि मग नोव्हेंबर आला. आदल्याच वर्षी मी सासूबाईंचा दाखला विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी बसून काढला होता. मोबाइलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, झालं. त्यांचीही पेन्शन राज्य सरकारचीच. म्हणजे मला पूर्ण माहीत होतं. मी अण्णांना फोन करून ते वाक्य बोललो तेव्हा बायको समोर बसून गवार मोडत होती.

"आईचा तर तुम्ही मोबाइलवर केलात ना?" ती म्हणाली.

"अण्णांचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

मी फोन चार्जिंगला लावला. तिने गवार मोडणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "त्यांना बरं वाटतंय, त्याचा राग आलाय तुम्हाला."

भावाचाही फोन आला. "दादा, ते ऑनलाइन होतं ना आता?"

"सेंट्रलवाल्यांचं होतं. राज्याचं वेगळं असतं."

"बरं. कागदाचं तुला कळतं बाबा."

अण्णाही हेच म्हणाले होते. कागदाचं त्याला कळतं.

मी त्यांना कल्याण स्टेशनवर उतरवून घेतलं. खांद्याला एक छोटी पिशवी, पायात ते पांढरे बूट, आणि शर्टाच्या खिशात आठ दिवसांनंतरच्या परतीच्या तिकिटाचा कागद. तो भावाने मुद्दाम छापून दिला होता. घरी पोचल्यावर दुसऱ्या मजल्यावर ते शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटावर बसले.

"जिने विसरलो होतो बघ मी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी नवीन होती. तिने यादी पुढे केली, अण्णांनी नेहमीसारखी सावकाश सही केली. मग ती सहज म्हणाली, "कुठून आलात आजोबा?"

"धारवाडहून."

"एवढ्याचसाठी? अहो, तिथूनच मोबाइलवर झालं असतं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी यादीकडे बघत राहिलो. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "मला यायचंच होतं."

उडप्याकडे आम्ही आमच्या नेहमीच्या टेबलावर बसलो. ज्या सकाळसाठी मी हे सगळं केलं होतं, ती हीच. वेटर आला तेव्हा अण्णांनी त्याला कानडीत काहीतरी विचारलं. तो पोऱ्या नव्हता, चांगला पन्नाशीचा माणूस, वर्षानुवर्षं आम्हाला इडली आणून देणारा. त्याचा चेहरा असा उजळला, की तो टेबलाला टेकून पाच मिनिटं बोलत उभा राहिला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी इडलीचे तुकडे करत बसलो.

चौथ्या दिवशी अण्णांना खोकला लागला, मग ताप आला. समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे, त्याची धूळ गॅलरीतून घरभर येते. डॉक्टर म्हणाले, महिनाभर प्रवास नको. मी मोबाइलवरून तिकीट रद्द केलं. मला बरं वाटलं.

ताप गेला, पण अण्णा बोलेनासे झाले. रागावले नव्हते. विचारलं तर उत्तर द्यायचे. पूर्वीही ते असेच असायचे, पण पूर्वी मला ते तसेच आहेत असं वाटायचं. आता मी त्यांना वेगळं पाहिलेलं होतं.

डिसेंबरात एका रविवारी मी उशिरा उठलो आणि गॅलरीत आलो. टॉवर आणि शेजारची इमारत यांच्या फटीतून आमच्याकडे सकाळी थोडा वेळ ऊन येतं, हातभर रुंदीचं. अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या पट्ट्यात बसले होते. पायात बूट होते. पट्टा सरकला की ते उठायचे, खुर्ची वीतभर सरकवायचे, पुन्हा बसायचे. तोंड उन्हाकडे, काठी गुडघ्यांवर आडवी. शेवटी पट्टा ग्रिलच्या बाहेर गेला. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

मी त्यांच्यासमोर लादीवर बसलो आणि नाड्या सोडल्या.

"अण्णा, दाखल्यासाठी यायची गरज नव्हती. मला माहीत होतं."

"मलाही कळलं ते. बँकेत."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"त्या मुलीसमोर काय बोलणार?" ते म्हणाले. मग, "आठ दिवसांचं तिकीट होतं माझं."

मी सुटलेली नाडी बोटाला गुंडाळत राहिलो.

"तुला काय हवं होतं?" त्यांनी विचारलं. त्यांची डावी भुवई वर होती. ते रागाने विचारत नव्हते, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मला नीट सांगता आलं नाही. म्हणालो, "मला वाटलं, तिथे तुम्ही आम्हाला विसरलात."

त्यांनी विचार केला. ते कधी खोटं बोलत नाहीत, निदान माझ्याशी. "विसरलो होतो खरा," ते म्हणाले. "थोडे दिवस. बरं वाटलं होतं."

मी त्यांच्या पायातले बूट काढले आणि कोपऱ्यात नीट लावून ठेवले.

"खोकला थांबला की सोड मला," ते म्हणाले. "आणि धाकट्याला काही सांगू नकोस. तो उगाच तुझ्यावर चिडेल."

जानेवारीत मी त्यांना सोडायला गेलो. जिने उतरताना ते एकाही मजल्यावर बसले नाहीत. धारवाडला पोचलो त्या दिवशी त्यांच्या बसण्याचा वार होता. घरात पिशवी ठेवून, चहा अर्धा टाकून ते निघाले. मी दारातल्या तीन पायऱ्यांवर उभा राहिलो. झाडांखालून त्यांचे पांढरे बूट उन्हात दिसायचे, सावलीत जायचे, पुन्हा दिसायचे. एकदा तरी वळून बघतील म्हणून मी वळणापर्यंत वाट पाहिली. त्यांना उशीर झाला होता.

हे सगळं झाल्यावर हेवा गेला का, तर नाही. भावाचा फोन आला, की मागे मुलांचा गलका ऐकू येतो आणि भावाचं बोलणं सोडून मी तोच ऐकत बसतो. मी मात्र आता रविवारी लवकर उठून डोंबिवलीतच चालायचा प्रयत्न करतो. एमआयडीसीच्या बाजूला एक झाडांचा रस्ता आहे. तो पुरत नाही, पण चालतो.

परवा, या नोव्हेंबरात, भावाने अण्णांसमोर मोबाइल धरला. कसं करायचं ते मी ऑफिसातून दुसऱ्या फोनवर सांगत होतो. पहिल्यांदा जमलं नाही, उजेड कमी पडत होता. "अंगणात ने," मी म्हणालो. "उन्हाकडे तोंड करून बसव. आणि तू मध्ये उभा राहू नकोस." मग अण्णांनी डोळे मिचकवले आणि झालं. बँकेत नंबर माझा दिलेला आहे, त्यामुळे दाखला मिळाल्याचा मेसेज खोपटला, माझ्या टेबलावर आला. मी तो दोनदा वाचला.

"झालं का?" पलीकडून अण्णांचा आवाज आला.

"झालं, अण्णा."

"मग ठेव आता. मुलं थांबलीत."

मी ठेवला.